लाईट गेलती

पाटोदा,
९ सप्टेंबर १९९८

चि. कावेरी,

अप्पाचा आशीर्वाद पोचो. तुझं पत्र मी गिऱ्हाईक समोर उभं असताना फोडलं, ही पहिली चूक. वाचता वाचता मोठ्यानं "फुकट?" म्हणालो, ही दुसरी. त्या माणसाला वाटलं, त्याच्या काट्याची दुरुस्ती फुकट झाली. त्याची समजूत काढेपर्यंत चहा गार झाला.

मला कळलंय ते असं, चुकलं तर सांग. उन्हाळ्यात तू सुट्टीला आली होतीस तेव्हा आपल्या डेअरीत दूध मोजता मोजता लाईट गेली, काट्यावरचा आकडा पुसला गेला आणि दोन बायांची जुंपली. ते बघून तू पुण्याला परत गेलीस आणि असा प्रोग्रॅम लिहिलास की वीज जाता जाता काटा शेवटचं वजन पोटात ठेवतो, आणि वीज आली की परत दाखवतो. शिवाय तो एवढासा, की स्वस्तातल्या स्वस्त चिपमध्येही मावतो. इथपर्यंत मी निम्म्या पाटोद्याला सांगितलंसुद्धा. उरलेलं निम्मं बाजारच्या दिवशी गाठणार आहे.

पुढचं मात्र घशाखाली उतरेना. हा प्रोग्रॅम तू इंटरनेटवर ठेवणार, आणि जगातला कुणीही काटेवाला, मीटरवाला, पंपवाला तो उचलून आपल्या यंत्रात घालणार, तुला न विचारता! अगं, वजनमापांच्या दुकानात माझा जन्म गेला. मी कुणाला छटाकाचं मापसुद्धा फुकट दिलेलं नाही.

पण तुझ्या आईनं मला जागेवर बसवलं. म्हणाली, "कपिलधारला दासोहाच्या पंगतीत वाढायला जाताव तवा पानावर बसलेल्याला इचारताव का, तू कोन, कुठला म्हनून?"

तर ठेव खुशाल. वर नाव घालू का आणि अटी काय लिहू, असं विचारलं आहेस. दासोहात वाढणारा पळीवर आपलं नाव कोरत नाही आणि जेवणाऱ्याला अट घालत नाही. नाव घालू नकोस, अट लिहू नकोस. एवढं बापाचं ऐक.

तुझा
अप्पा

---

भोसरी, पुणे
२ नोव्हेंबर १९९८

ती. अप्पांना कावेरीचा शरणार्थ.

ऐकलं तुमचं. ना नाव, ना अट, तसंच ठेवून दिलं. आमच्या कंपनीच्या राधाकिशनशेठनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "तू घरी बसून लिहिलेलं आहे, तुझं तू बघ. आपल्या काट्यात घालायला मला दे म्हणजे झालं." कंपनी लहान असली तरी शेठचं मन लहान नाही. मूळचे आपल्याकडचे, गेवराईचे आहेत ना!

अशा तयार तुकड्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात, हे आईला सांगा, नाहीतर ती म्हणेल पोरगी पुस्तकं वाटतेय. ज्याला यंत्र बनवायचं आहे त्यानं असले तुकडे घ्यायचे आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडायचे. मीसुद्धा दुसऱ्यांचे घेते. माझ्या चिपमध्ये जागा पानटपरीएवढी, तीत गोदामाचा माल कसा भरायचा? म्हणून लहान आणि नेमकी लिहिलेली लायब्ररी मिळाली की माणूस खूश होतो.

माझी बऱ्याच जणांनी घेतली. कोइमतूरच्या एका पंपवाल्यानं आभाराचं पत्र पाठवलंय. पण पोर्तुगालच्या एका इंजिनिअरनं विचारलं, "याचं लायसन्स कुठलं?" मी कळवलं, काही नाही, घ्या. तर म्हणाला, मग आमच्या कंपनीला हात लावता येणार नाही. गंमतच आहे की नाही? मी म्हणते सगळं मोकळं आहे, तो म्हणतो परवानगी कुठाय.

तुमची
कावेरी

---

पाटोदा,
२० नोव्हेंबर १९९८

चि. कावेरी,

तुझा पोर्तुगालवाला वराकडचा दिसतोय. अक्षता घेऊन दारात गेल्याशिवाय जेवायला येत नसेल. असू दे उपाशी.

पंपवाल्याचं पत्र कुणाकुणाला दाखवावं असं झालंय. त्याची एक झेरॉक्स पाठव. इंग्रजीत असली तरी चालेल, दाखवायचीच तर आहे.

तुझा
अप्पा

---

भोसरी,
१२ एप्रिल १९९९

ती. अप्पांना शरणार्थ.

मी बरी आहे. कामाचा व्याप आहे म्हणून पत्राला उशीर झाला. पाडव्याला येता आलं नाही, आईला वाईट वाटलं असेल. लायब्ररीबद्दल सध्या कुणाला फारसं सांगू नका. विशेष काही नाही, उगाच गवगवा नको.

कावेरी

---

पाटोदा,
६ मे १९९९

चि. कावेरी,

तुझं मागचं पत्र तहसील कार्यालयातून आल्यासारखं वाटलं. तुझी आई म्हणते, पोरीचं कुठंतरी जमलंय आणि सांगायला लाजतेय. तसं असेल तर सांगून टाक, मुलगा काटेवाला असला तरी मी सांभाळून घेईन.

आता माझी बातमी ऐक. परवा मापं घेऊन शिरूर कासारला गेलतो. तिथल्या बद्रीनाथच्या डेअरीत दिल्लीकडच्या तुलावती कंपनीचा नवा कोरा काटा आलाय. दूध घालायला आलेल्या बायनाबाईची किटली काट्यावर आणि लाईट गेली. मी म्हटलं, झालं, आता दुपारपर्यंत भांडण. पण रांगेतलं कुणी हललं नाही. थोड्या वेळानं लाईट आली, आणि काट्याच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं उमटली. मी जुळवून वाचली. लाईट गेलती!

मला हसू आवरेना. बद्रीनाथ म्हणाला, "कावून हसताव अप्पा? ह्यो काटा लई शहाना हाय. लाईट आली की सोताच सांगतो, गेलती म्हनून." बायनाबाई फणकारली, "गेलती त्ये आमाला दिसलंच की! दूध किती व्हतं त्ये सांग म्हनावं." तेवढ्यात तिच्या किटलीचं वजन आलं, जसंच्या तसं, थेंबाचा फरक नाही.

ते तुझंच आहे ना? दिल्लीचा माणूस 'गेलती' कशाला म्हणेल? पुण्याचाही म्हणायचा नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ह्या काट्याचं डोकं माझ्या पोरीचं आहे. बद्रीनाथनं उसाचा रस पाजला. गवगवा करू नको म्हणाली होतीस, पण तोंडातून निघून गेलं. छाती एवढी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटलं, आईला विचार.

तुझा
अप्पा

---

भोसरी,
१९ मे १९९९

अप्पा,

शरणार्थ. तुमचं पत्र वाचून मी रडले आणि मग मोठमोठ्यानं हसले. घरमालकीण धावत वर आली. आता सगळं सांगते, रागावू नका.

मार्चमध्ये तुलावतीच्या वकिलाचं पत्र आमच्या कंपनीत आलं. वीज गेल्यावर वजन राखणारा प्रोग्रॅम आमच्या इंजिनिअरांनी लिहिला, तो तुम्ही चोरलात, तुमचे काटे बाजारातून काढून घ्या, असं. मी म्हटलं, मी लिहिलाय, नेटवर आधीपासून आहे. ते म्हणाले, आहे ना, पण त्यावर नाव कुणाचं? आमच्याच माणसानं ठेवला होता. राधाकिशनशेठनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "कावेरी, खरं सांग, हे तूच लिहिलंस का?" त्या प्रश्नानं मला जेवढं लागलं तेवढं वकिलाच्या पत्रानं लागलं नव्हतं. निकाल लागेपर्यंत त्यांनी मला कामावरून बाजूला बसवलं. दोन महिने मी ऑफिसात चोरासारखी बसत होते. तुम्हाला कसं लिहू? तुम्ही निम्म्या पाटोद्याला सांगून बसला होतात!

ते 'लाईट गेलती' मी चाचणीसाठी घातलं होतं. घरी एकटीनं काम करताना बरं वाटायचं, काटा आपल्याकडचं बोलतो म्हणून. शेठच्या काट्यांतून मी ते काढून टाकलं होतं, नेटवरच्या प्रतीत तसंच राहिलं, आणि मी ते पार विसरूनही गेले. तुलावतीवाल्यांना वाटलं असणार, काहीतरी मोठी तांत्रिक भानगड आहे, हात लावला तर बिघडेल.

तुमचं पत्र घेऊन मी शेठकडे गेले. काल तुलावतीचे साहेब आपला काटा घेऊन आले होते, आमची चोरी सिद्ध करायला. मी त्यावर पेपरवेट ठेवला, प्लग उपटला आणि पुन्हा लावला. अक्षरं उमटली. मी विचारलं, "साहेब, याचा अर्थ काय?" ते म्हणाले, आमचा अंतर्गत तांत्रिक संकेत आहे, बाहेरच्यांना सांगता येणार नाही.

राधाकिशनशेठनी टेबलावर हात आपटला आणि हसत सुटले. "अवो सायेब, लाईट गेलती म्हनतंय त्ये! आमच्या गेवराईत शेंबडं पोरगंबी सांगंल." साहेबांना मराठी येत नव्हती. शेठनी त्यांना हिंदीत समजावून दिलं, चांगलं सविस्तर. मग शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तुला विचारायला नको होतं." माझं काम मला परत मिळालं.

पण गोष्ट संपली नाही. जाताना तुलावतीचे साहेब नरमले आणि त्यांनी बोलणं काढलं. लायब्ररी आम्हाला विकून टाका, मागाल ती किंमत. मात्र ती नेटवरून काढायची, तिच्यावर नाव आमचं, आणि यापुढे दुसऱ्या कुणी वापरायची नाही. शेठ म्हणतात, तुझा निर्णय. अप्पा, विकली तर चोरीचा बोभाटा कायमचा मिटेल. नाही विकली तर आज हे आले, उद्या दुसरं कुणी येईल. काय करू?

तुमची
कावेरी

---

पाटोदा,
२५ मे १९९९

कावेरी,

पोरीला चोर म्हणाले आणि मी इकडे बटणं तोडत बसलो! नाव घालू नको म्हणून मीच सांगितलं होतं. पण आधी मला रागावू दे, मग बाकीचं.

विकायची नाही. तुझी आई तर पुण्याला यायला निघाली होती, त्या साहेबाला भेटायला. बस चुकली म्हणून तो वाचला.

आता मी तुला चुकीचं का सांगितलं ते समजलंय. परवा मुद्दाम कपिलधारला गेलो, उभा राहून पंगत बघितली. दासोहात वाढणाऱ्याचं नाव नसतं हे खरं, कारण तिथं शेकडो माणसांसमोर वाढतात, कुणाला विचारायची गरजच पडत नाही. आणि अट नसते हे मात्र खोटं. खा पोटभर, कितीदाही बस. पण पातेलं उचलून घरी न्यायचं, त्यावर आपलं नाव घालायचं आणि पुढच्या माणसाला म्हणायचं, ऊठ, हे माझं आहे, हे कधी कुणी चालवून घेतलं नाही. ती अट कुणी लिहीत नाही, कारण सगळ्यांना ती ठाऊक असते. तुझ्या त्या इंटरनेटवर ती कुणाला ठाऊक असणार? तिथं लिहूनच ठेवायला पाहिजे. तुझा पोर्तुगालवाला शहाणा होता. त्याला माझा नमस्कार कळव आणि वराकडचा म्हणालो ते सांगू नको.

तर लिही. कुणीही घ्यावं, कुणाला विचारू नये. पण नाव पुसू नये. आणि नाव पूर्ण लिही, कावेरी चन्नप्पा मिटकरी, पाटोदा, जिल्हा बीड. गावाचं नाव विसरू नको.

एक शंका आहे. 'कुणीही' म्हणजे अगदी कुणीही का? आपल्या समोरच्या फळीचा, काटे विकणारा बंकटसुद्धा? त्याचं आणि माझं तुझ्या जन्माआधीपासून वाकडं आहे. मापाला शिक्का मारून आणायच्या रांगेत त्यानं मला ढकललं होतं. बाकी सगळं जग घेऊ दे, एवढ्या बंकटपुरती एक ओळ घालता येते का बघ.

तुझा
अप्पा

---

भोसरी,
१४ जून १९९९

ती. अप्पांना शरणार्थ.

तुलावतीला नाही म्हणून कळवलं. लायसन्स लावलं. बाहेरच्या देशांत चालतं तसलं, अगदी छोटं, माझ्या लायब्ररीला शोभेल असं. सार सांगते. कुणीही घ्या, वापरा, बदला, विका, विचारू नका. माझं नाव आणि हा मजकूर काढू नका. यंत्राबरोबर जो माहितीचा कागद देता त्यावरही तो छापा. आणि शेवटी, आहे तसं घ्या, बिघडलं तर जबाबदारी माझी नाही.

हे शेवटचं वाचून तुम्ही चिडणार, मला माहीत आहे. तुमच्या दुकानात बिघडलेला काटा परत घेतात. पण मी ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्या यंत्राची हमी कशी देऊ? फुकटच्या जेवणाला मिठाची तक्रार चालत नाही, असं समजा.

कायदा असा आहे अप्पा, की लिहिणाऱ्याचा हक्क आपोआप असतो, नाव घातलं नाही तरी. पण परवानगी लिहून दिली नाही, तर प्रामाणिक माणूस हात लावत नाही, आणि लबाड विचारत नाही. आपलं तसंच झालं होतं. आता पोर्तुगालनं घेतली, आणि तुलावतीलाही ठेवायची असेल तर नाव छापावं लागेल. राधाकिशनशेठनी तसं पत्र दिलंय त्यांना, त्यांनी मान्य केलंय.

बंकटकाकांची ओळ घालता येणार नाही. एक माणूस वगळला की ते मोकळं राहत नाही, मग ते आपल्या ओळखीच्यांपुरतं होतं. तुम्हीच मला शिकवलंत, पानावर बसलेल्याला कुठला म्हणून विचारायचं नाही. आणि रागावू नका, पण औरंगाबादचा एक कारखाना बंकटकाकांच्या दुकानाच्या नावानं काटे बनवतोय. त्यानं माझी लायब्ररी घेतल्याचं कळवलंय. कळवायची गरज नव्हती, तरी कळवलं.

तुमची
कावेरी

---

पाटोदा,
३ ऑक्टोबर १९९९

चि. कावेरी,

तुझ्या जूनच्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं. रुसलो होतो. आई म्हणाली, "लेकीवर रुसून पोट भरतंय का?" तरी रुसलो.

काल बंकटच्या दुकानासमोर टेंपो लागला. नव्या काट्यांची खोकी उतरत होती. मी इकडून बघत होतो. बघितलं न बघितलं केलं, गिऱ्हाईकाशी बोललो, फडक्यानं वजनं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. शेवटी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. त्या दुकानाची पायरी मी जन्मात चढलो नव्हतो.

बंकट उठून उभा राहिला. "अप्पा, तुमी? हितं?"

"काटा पायजे," मी म्हणालो.

"तुमच्या दुकानात काट्याचा काय दुकाळ पडलाय का?"

"काटा न्हाई रे. त्याच्यासंगं जो कागद येतोय त्यो पायजे."

त्यानं खोकं फोडलं आणि कागद काढून दिला. "कागदच पायजे तर घिऊन जा की. त्याला कशाला पैसे."

"न्हाई. काटा इकत घिणार, कागद त्याच्यासंगंच यिईल."

मी कागद उजेडात धरला. बारीक इंग्रजी अक्षरं होती, चष्मा पुढं-मागं करत वाचली. कावेरी चन्नप्पा मिटकरी, पाटोदा, जिल्हा बीड. एकदा मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. टेंपोवाला थांबला, हमाल थांबले. मी त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा वाचलं. पोरी, एवढा आनंद मला तुझा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. माझ्या दुकानात तुझं नाव असतं तर त्यात काय विशेष? बापानं लेकीचं नाव लावलं, झालं. हे बंकटच्या दुकानात होतं, प्रत्येक खोक्यात, त्याच्या हातानं विकलं जाणार.

बंकट कुरकुरला, "तुमच्या पोरीचं नाव आमच्या खोक्यात घालावं लागतंय. कारखानेवाला म्हनतो, काडायचं न्हाई. सरकारचा नियम हाय म्हनं."

मी म्हणालो, "सरकारचा न्हाई बंकटराव. तिचा."

त्यानं खोकं नीट बांधून दिलं आणि चहा मागवला. मी बसून प्यालो.

तुझा
अप्पा